खुन्नस

१४ मे, मंगळवार

पाय! काय पाय आहेत पोराचे!

ओचीसा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा दुपारचा सराव. उकाडा, तोंडावर चिलटं, आणि कुठेतरी पाइनचं रान जाळत होते त्याचा धूर मैदानावर बसलेला. आलो होतो आमच्या कॉलेजसाठी दुसऱ्याच एका पोराला बघायला. तो निव्वळ पोतं निघाला. कमरेतून वाकतो, गुडघ्यातून नाही. असला गडी कॉलेजात आला की पहिल्याच आठवड्यात पाठीवर पडतो. परत फिरणार, तेवढ्यात फळीच्या डाव्या टोकाला हा दिसला. जेरिको मोब्ली.

शाळेच्या कागदावर उंची साडेसहा फूट. शाळा थापा मारतात, सगळ्याच. म्हणून सराव संपल्यावर मी नेहमीसारखा कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. बाकीची पोरं सरळ आत गेली. हा मान वाकवून गेला. म्हणजे या वेळी खरं!

आणि एवढं धूड असून पाऊल मांजराचं. समोरचा डावीकडे झुकायच्या आत याचा पाय तिथे हजर. खाली बसतो तो खुर्चीत बसल्यासारखा, पाठ ताठ. हे शिकवता येत नाही. बावीस वर्षं पुढच्या फळीची पोरं बघतोय, असे पाय दोनदा पाहिले असतील.

नियमाप्रमाणे मे महिन्यात पोराशी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. बैलबाजारात दात बघतात तसं.

एकच गोष्ट. समोरच्याला आडवा केला की हा लगेच हात पुढे करतो. उठवतो, पाठीवरचं गवत झटकतो. त्यांचा कोच हॉइट स्ट्रिकलंड माझ्या शेजारी थुंकला. ‘बघितलंस, वेंडल? माझा पाद्रीबाबा! आधी पाडतो, मग आशीर्वाद देतो.’


१६ मे, गुरुवार

आमच्या हेड कोच लँगफर्डने जेरिकोची फिल्म बघितली. ‘देखणा आहे. पण खुन्नस कुठाय?’ — आणि उठून गेला.


१७ मे, शुक्रवार

मार्व्हा म्हणते, ‘लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या पायांकडे कधी एवढं टक लावून बघितलं नाहीस.’ हसलो. पण डोक्यात लँगफर्डच. हेड कोच आहे, त्याला लाडात यायचं कारण नाही. मागच्या मोसमात आमचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा गडी, इतक्यांदा आपटला की शेवटी त्याला खांदा उचलेना. तो आपटला म्हणजे त्याच्यापुढची फळी फुटली, आणि फळी माझी. लँगफर्डने सरळ सांगितलंय — या वर्षी मला गडी आण, नाहीतर मी गडी आणणारा दुसरा आणतो.

मला जेरिको हवाय.


८ जून, शनिवार

आमच्या कॉलेजात शिबिर. इथे पोरांशी बोलायला मोकळीक. जेरिको आला, आईच गाडी चालवत घेऊन आली. अर्नेल मोब्ली. म्हाताऱ्यांच्या आश्रमात रात्रपाळी करते, तशीच पाळी संपवून आलेली. अंगावर अजून तोच निळा सदरा. जेरिको तिच्यामागून पाण्याचा डबा धरून चालत होता, शाळेच्या पहिल्या दिवशी चालतात तसा.

एकास एक लावले. चार राज्यांतली पोरं होती. एकालाही याच्या बाजूने आत जाता आलं नाही! पण दर वेळी तेच. समोरच्याचा तोल गेला, की हा हात सोडतो. आता पडेल, लागेल, असं दिसलं की चक्क सावरून धरतो.

लँगफर्ड कठड्याला टेकून बघत होता. ‘पाव आहे,’ म्हणाला. ‘मऊ पाव. लोणी लावून खातील याला.’ गेला.

मी जेरिकोला बाजूला घेतलं. म्हटलं, ‘पोरा, देवाने तुला पाय दिलेत, हात दिलेत. पण तू शेवटी सोडून देतोस. खरं सांगू? तू मऊ आहेस. मऊ गड्याला फळीत कोणी घेत नाही.’

मान खाली. ‘हो सर.’

‘समोर माणूस आहे हेच विसर.’

त्याने खरोखर विचार केला. मग विचारलं, ‘माणूस नाही, तर काय समजू कोच?’

‘दार समज. तुझ्या आणि कॉलेजच्या मधलं बंद दार. बिजागरीसकट उखडायचं.’

असं काहीतरी मी दर वर्षी दहा पोरांना सांगतो. ती मान हलवतात आणि जेवायला पळतात. हा पळाला नाही. ओठ हलत होते त्याचे — पाठ करत होता.

जाताना अर्नेल थांबली. ‘कोच, हा पाळण्यात मावत नव्हता तेव्हापासून मी एकच शिकवत आलेय. बाळा, तू मोठा आहेस, हात सांभाळून. शाळेत पोरं टोचून बोलायची, तरी याने कधी बोट लावलं नाही कुणाला. आणि तुम्ही म्हणता, सोडू नकोस. त्याने ऐकायचं कुणाचं?’

मी म्हटलं, ‘मैदानावर माझं, घरी तुमचं.’

ती हसली नाही. ‘दोन पोरं नाहीयेत मला. एकच आहे.’


९ जून, रविवार

चर्चमध्ये लक्ष लागलं नाही. अर्नेल उगाच मनाला लावून घेते.


११ जुलै, गुरुवार

हॉइटचा फोन. आवाजात आनंदाच्या नुसत्या उकळ्या! ‘अरे, काय कानमंत्र दिलास माझ्या पाद्रीबाबाला? भर दुपारी माझी पिकअप ढकलत मैदानभर फिरतो. एकटा! बोलत नाही, हसत नाही. काल धडका मारायची गादी फाडली त्याने, लेका, फाडली! मी म्हटलं बस कर, तर माझ्याकडे असं बघितलं की मीच बसलो.’

खूप हसलो दोघं.


२४ ऑगस्ट, शनिवार

मोसमाचा पहिला सामना काल झाला, फिल्म आज आली.

दुसऱ्याच डावात जेरिकोने समोरच्या पोराला उचललं आणि ढकलत नेलं. रेषेबाहेर, पाण्याच्या पिंपांपलीकडे, त्यांच्याच बाकांवर! शिट्टी झाली, तरी दोन पावलं आणखी. पंचाने पिवळं फडकं टाकलं — फाउल. पोरगा बाकाखालून रांगत बाहेर आला.

लँगफर्डने तीनदा लावायला सांगितलं. पहिल्यांदाच दात दिसले त्याचे. ‘हं. आता बोल. पण एकदा केलं म्हणजे काही नाही. अजून दाखव.’

चौथ्यांदा मी एकटाच बघत बसलो. पडलेल्याला याने हात दिला नाही. वळूनही बघितलं नाही.

छान झालं. हेच तर हवं होतं.


१४ सप्टेंबर, शनिवार

काल स्वतः गेलो ओचीसाला. गावात चिटपाखरू नव्हतं, सगळा गाव मैदानात. आकाश काळं, वीज चमकली म्हणून अर्धा तास खेळ थांबवला, कोणी हललं नाही. मी कठड्याशी उकडलेल्या शेंगा खात उभा.

जेरिकोच्या शेजारी सारखं वळवळणारं एक पोर होतं. कीनन. त्याचा मावसभाऊ. आई वारली तेव्हापासून अर्नेलकडेच वाढलेला. त्याच संघाच्या बचावाच्या फळीत खेळतो, म्हणजे सरावाला रोज जेरिकोसमोर हाच. जेरिकोच्या खांद्याएवढा, पण तोंड सामन्याच्या बँडएवढं. खेळ थांबला होता तोवर कीनन जेरिकोच्या कानाशी बडबडत होता, ढुशा देत होता. ‘ए डोंगरा, हस की! फोटोवाला आलाय!’ डोंगर हलला नाही.

खेळ परत सुरू झाला. समोरच्या संघातल्या एका पोराचा गुडघा गेला. जेरिकोच्याच हातून. किंकाळी आमच्यापर्यंत आली. त्याला स्ट्रेचरवरून नेला आणि माणसं ओरडायला लागली — जे-रि-को! जे-रि-को! आजीबाया, लहान मुली, सगळे.

तेव्हा तो माझ्या बाजूला आला, पाणी प्यायला. शिरस्त्राणाच्या जाळीतून चेहरा दिसला.

मी खुन्नस खूप पाहिलीय. तिला डोळे असतात, पेटलेले. नाकपुड्या फुलतात, तोंडाला फेस येतो, आणि सामना संपला की तोच पोरगा आईच्या गळ्यात पडतो. या डोळ्यांत काही नव्हतं. राग नाही, मजा नाही. घर सोडून गेलेल्या माणसांच्या खिडक्या असतात तसे.

मला ओळखलं त्याने. ‘कोच,’ म्हणाला. ‘बरोबर चाललंय ना?’

सामन्याच्या वेळी मैदानावर पोराशी बोलायची परवानगी नव्हती. मी नुसता अंगठा वर केला.


१५ सप्टेंबर, रविवार

तो अंगठा दिवसभर डोळ्यांसमोर.


२ ऑक्टोबर, बुधवार

अर्नेलचा फोन. आधी पाऊस, मग मार्व्हाची तब्येत, मग एकदम —

‘तो घरात बोलत नाही, कोच. ताटावर बसतो, प्रार्थना म्हणत नाही, खातो, उठतो. कीनन पूर्वी त्याच्या पाठीवर चढून अख्खं घर फिरायचा. आता त्याच्या खोलीवरून दबकत जातो. मी विचारलं काय झालं रे, तर म्हणतो, आई, मी विसरायचा सराव करतोय.’

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं — जूनमधलं माझंच वाक्य.

‘तुम्ही सांगा ना त्याला,’ म्हणाली. ‘पुरे झालं म्हणा. माझं नाही ऐकत. तुमचं ऐकेल.’

म्हटलं, सांगतो. म्हटलं, काळजी करू नका, या वयात होतं असं.


३ ऑक्टोबर, गुरुवार

केला फोन. वाक्य ठरवून ठेवलं होतं — पोरा, जरा आवर, शिट्टी झाली की हात काढायचे, पडलेल्याला उठवायचं, त्यात काही कमीपणा नाही.

तो ‘हो सर’ म्हणाला आणि ऐकत थांबला. तेवढ्यात दारात लँगफर्ड. ‘कोण, तो ओचीसावाला? त्याला सांग, टेनेसीतला एक पोरगा आणि तो. जागा एक. मी अजून ठरवलेलं नाही.’ आणि चौकटीला टेकून तिथेच उभा राहिला. सफरचंद खात.

मी म्हटलं, ‘जेरिको, चाललंय ते छान चाललंय. असंच चालू ठेव.’

‘हो सर.’

लँगफर्डने अर्धं खाल्लेलं सफरचंद माझ्या टोपलीत टाकलं आणि गेला. परत फोन लावायचा होता. नाही लावला.


१९ ऑक्टोबर, शनिवार

अर्नेलचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. सोमवारी बोलेन.


२२ ऑक्टोबर, मंगळवार

हॉइटचा फोन आला तेव्हा मी मैदानावर होतो.  एकच शब्द म्हणाला, ‘कीनन.’

सराव होता. साधा, मंगळवारचा सराव. एकास एक. कीनन नेहमीसारखा बडबडत समोर उभा राहिला. जेरिकोने त्याला उचललं, मागे नेलं. हॉइटने शिट्टी वाजवली. परत वाजवली. कीनन हसत होता म्हणे — ‘बस, बस, जिंकलास बाबा!’ — आणि मग जेरिकोने त्याला जमिनीत गाडल्यासारखा खाली घातला. मानेवर.

हॉइट म्हणाला, ‘वेंडल, आवाज आला. एवढ्या लांबून आवाज आला.’

हेलिकॉप्टरने मेकनच्या मोठ्या इस्पितळात नेलंय. पाय हलत नाहीत. हात हलत नाहीत.


२३ ऑक्टोबर, बुधवार

मार्व्हाला सांगितलं, मोसमात असं भेटायला जाता येत नाही, नियम आहेत. तिने माझ्या हातात गाडीची किल्ली ठेवली. 

इस्पितळाच्या वाहनतळावर अर्नेल उभी होती. तोच निळा सदरा. मला वाटलं ओरडेल, मारेल. बरं वाटलं असतं. ती म्हणाली, ‘ऑपरेशन झालं. जीव वाचला. मानेखाली काही नाही म्हणाले. कदाचित बोटं परत येतील, देवाची मर्जी असेल तर.’ मग एका जुन्या ट्रककडे बोट दाखवलं. ‘तो कालपासून आत येत नाही. काही खाल्लं नाही. बघा, तुमचं ऐकतो का.’

जेरिको पुढच्या सीटवर बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी शेजारी जाऊन बसलो. काच धुरकटलेली. 

शेवटी मीच — ‘शिट्टी ऐकू आली नाही का रे?’

‘आली.’

‘मग?’

‘दोन्ही ऐकल्या, कोच. थांबायचं कसं तेच आठवलं नाही.’ मग, ‘तो हसत होता. मला ते नंतर दिसलं.’

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो आक्रसला — एवढा मोठा गडी! मी हात काढला.  माझ्याकडे सांगायला जे होतं ते जूनमध्येच सांगून झालं होतं.


२५ ऑक्टोबर, शुक्रवार

सरावाची फिल्म कोणीतरी फोडली. सगळीकडे फिरतेय. कीनन पडायच्या आधी थांबते — फक्त उचलणं, नेणं आणि खाली घालायला सुरुवात. खाली लोकांनी टाकलेली टाळ्यांची, ज्वाळांची चित्रं, ‘राक्षस!’, ‘हाच हवा!’

हॉइट म्हणतो फोन थांबत नाही. मेमध्ये ज्या कॉलेजांनी त्याच्या पोराकडे ढुंकून बघितलं नव्हतं, ती सगळी.

लँगफर्डने मला बोलावलं. फिल्म भिंतीवर चालू होती. ‘टेनेसीवाल्याला विसर. आज जेरिकोला शिष्यवृत्तीची ऑफर दे. दुसऱ्या कोणी उचलायच्या आत.’

म्हटलं, ‘त्या दुसऱ्या पोराचे पाय हलत नाहीत, कोच. मावसभाऊ आहे त्याचा. एका घरात वाढलेत.’

‘वाईट झालं,’ तो म्हणाला. मनापासून म्हणाला, हेच तर भयंकर. ‘फुलं पाठव. आपल्या सगळ्यांच्या नावाने. आणि ऑफरही दे.’

‘मी देणार नाही.’

त्याने फिल्म थांबवली. ‘वेंडल, अपघात होता तो. पोराला आत्ता कोणीतरी म्हणायला हवं की तू हवा आहेस. तू म्हणणार नसशील तर मी म्हणेन.’

दाराबाहेर येईपर्यंत त्याने पुन्हा फिल्म चालू केलेली ऐकू आली.


२६ ऑक्टोबर, शनिवार

अर्नेलशी बोललो. कीनन शुद्धीवर आला. पहिलं वाक्य — ‘डोंगर कुठाय?’ डोंगर अजून ट्रकमध्येच.

मी तिला सगळं सांगितलं. तीन ऑक्टोबरचा फोन, दारातला लँगफर्ड, मी काय म्हणणार होतो आणि काय म्हणालो. न उचललेले फोन.  शेवटी ती म्हणाली, ‘तुम्ही फोन केलात एवढं मला माहीत होतं. त्या दिवशी तो जेवताना हसला होता. कित्येक दिवसांनी. मला वाटलं, तुम्ही त्याला थांबायला सांगितलंत म्हणून.’


२८ ऑक्टोबर, सोमवार

राजीनामा दिला. लँगफर्डने वाचला, घडी घातली, हात पुढे केला. मी नाही घेतला.

बावीस वर्षांच्या वस्तू दोन खोक्यांत मावल्या. गाडीत बसलो तर हलकं वाटलं. खरंच हलकं. मार्व्हाने मका आणि मासे तळले. जेवताना तिला म्हटलं, निदान आता तो पोरगा माझ्यामुळे तरी त्या माणसाच्या हाती लागणार नाही. ती म्हणाली, हे तू जेरिकोला सांगितलंस का? म्हटलं, उद्या सांगतो.


२९ ऑक्टोबर, मंगळवार

मी लावायच्या आत सकाळीच जेरिकोचा फोन. आवाज शांत, पाठ केल्यासारखा. काल लँगफर्डने ऑफर दिली. जेरिकोने तिथल्या तिथे हो म्हटलं. बाकी सगळ्यांना नाही कळवलं.

‘बाकीचे सगळे आत्ता आले, कोच, तुम्ही आधीपासून होतात,’ म्हणाला. ‘मला परत थांबायला कोणीतरी शिकवायला हवं. म्हणून तुमच्याकडे येतोय.’